बाकी सगळं ठीक

हे लिहायचंच नाही, असं सारंगने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तीनदा फाईल उघडली, तीनदा वर तारीख टाकली, तीनदा बंद केली. नुसतं एका कंपनीवर चिडून मोकळं होता आलं असतं तर कधीच लिहून झालं असतं. पण मग एका बाईला समोर बसवून आपण काय सिद्ध करून दाखवलं, तेही लिहावं लागणार होतं. तिथे हात अडत होता. चौथ्यांदा फाईल उघडली ती रागाने. रागात असला की त्याची बोटं चालतात.

तर ऐका.

सारंग डहाके, वय सत्तावीस, राहणार अकोला, जठारपेठ. कॉलेज अर्धवट सोडलेलं. कॉम्प्युटरचं जे काही येतं ते बिघडलेले डबे उघडून आणि उघडलेले पुन्हा जुळले नाहीत म्हणून शिव्या खाऊन शिकलेलं. गोष्ट दोन हजार चौतीस सालची. तोवर घरच्या कॉम्प्युटरवरचं जवळजवळ सगळंच भाड्याचं झालं होतं. पत्र लिहायचं भाड्याने, फोटो लावायचे भाड्याने. भाडं थकलं की आपलीच फाईल आपल्याला उघडत नसे.

अशा दिवसांत सारंग दर रविवारी सकाळी एक यादी मेलने पाठवायचा. नाव साधंच, ‘फुकट पण चांगलं’. रिटायर झालेल्या तलाठ्याला जुने कागद स्कॅन करून लावून ठेवायला काय घ्यावं. शिवणकाम करणाऱ्या बाईला ब्लाउजची कटिंग स्क्रीनवर आखायला काय घ्यावं. लग्नाची जुनी सीडी चालेना, तर तिच्यातलं बाहेर कसं काढावं. अकरा हजार घरं ती यादी वाचत होती.

त्याचा एक नियम होता. एकवीस दिवस स्वतःच्या मशीनवर रोज वापरल्याशिवाय एकही सॉफ्टवेअर यादीत जात नसे. आणि प्रत्येकाबद्दल तीनच वाक्यं लिहायची. काय करतं. कुठे अडतं. आणि नको झालं तर कसं काढून टाकायचं. हे तिसरं वाक्य दुसरं कोणीच लिहीत नाही, याचा त्याला भारी गर्व होता.

प्रफुल इंगोले हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मापासून दिसत नाही. लाइट गेल्याच्या तक्रारी घेणाऱ्या फोन केंद्रात नोकरीला. “लोक माझ्यावर ओरडून राहिले, लाइट गेली, लाइट गेली,” तो हसत सांगायचा. “अबे, माझी तर पैदाइशी गेलेली आहे, मी कोणाला फोन करू?” फोनवरच्या माणसाने एक वाक्य बोललं की हा सांगायचा, बाई आहे, पन्नाशीची आहे, आताच रडून उठली आहे. आपण चेहरा बघतो तसा तो आवाज बघायचा.

कॉम्प्युटरवरचं सगळं त्याला एक सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवायचं. ते जुनं होतं. नाव ‘पाटी’. कोणा पाच-सहा जणांनी हौसेने बनवलेलं, फुकट, आणि आतला सगळा कोड कोणीही उघडून बघावा असा उघडा. आवाज मात्र सर्दी झालेल्या कारकुनाचा. पत्रातलं काहीही सोडायचं नाही, स्वल्पविरामसुद्धा ‘स्वल्पविराम’ म्हणून वाचायचं.

“सारंग, तू अकरा हजार घरांत चांगलंचुंगलं लावून देतो,” एक दिवस प्रफुल म्हणाला, “अन् दोस्ताच्या कानात हा रडका कारकून? काहीतरी बघ नं यार.”

सारंगने बघितलं. त्याला ‘कानोसा’ सापडलं.

कानोसा नवीन होतं आणि एका मोठ्या कंपनीचं होतं. मराठी असं वाचायचं की शेजारी कोणी बसून पेपर वाचतंय असं वाटावं. प्रश्न आला की आवाज वर जाणार, दुःखाची बातमी आली की थोडा खाली येणार. फुकट होतं, पण उघडं नव्हतं. आत काय चाललंय ते बघायची सोय नव्हती. ‘कुठे अडतं’च्या वाक्यात सारंगने ते लिहिलंसुद्धा होतं. मग खोडलं. एवढ्या चांगल्या गोष्टीला नाट कशाला लावायचा, असं त्याला वाटलं.

एकवीस दिवस त्याने ते नियमाने तपासलं. बातम्या, सरकारी नोटिसा, मेल, औषधाच्या डबीतला बारीक कागद. आवाज वाचतोय आणि सारंग स्क्रीनवर नजर लावून शब्दाला शब्द जुळवतोय. एक अक्षर सुटलं नाही. जूनमधल्या एका रविवारी कानोसा यादीत गेलं. त्याआधी दोन दिवस ते प्रफुलच्या मशीनवर चढलं होतं. चढवताना कानोसाने विचारलं, ‘कॅमेरा आणि माइक वापरू का?’ सारंगने ‘हो’ दाबलं. सगळेच दाबतात.

पहिल्या संध्याकाळी प्रफुल दोन तास नुसतं ऐकत बसला. “पहिल्यांदा वाटून राहिलं,” तो म्हणाला, “की लिहिणाऱ्याला पण तोंड असते.”

आता घरचं. प्रफुलची आई आणि मोठी बहीण वंदनाताई कारंज्याला राहतात. अकोल्याहून एसटीने दोन तास. दोन वर्षांपूर्वी प्रफुल नोकरीसाठी एकटा अकोल्याला निघाला, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. आंधळ्या पोराला एकटं सोडलं तर लोक काय म्हणतील, कुठे पडलाबिडला तर कोण बघेल. शब्दाला शब्द वाढला. तो तरी निघालाच. मग रोज फोन, रोज रडणं. एका दिवशी त्याने दोघींचे नंबर बंद केले आणि ताईला सांगितलं, “लिहायचं असेल तर मेल कर. आईचं रडणं ऐकून मला ड्युटी होत नाही.” ताई पंधरा दिवसांनी मेल करायची. मेलमध्ये टोमणे सुरू झाले की प्रफुल खालच्या बाणाचं बटण दाबायचा. म्हणजे पुढची ओळ.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी सारंगच्या दारात चाळिशीची एक बाई उभी. खांद्याला शाळेची बॅग, पायांवर एसटीची धूळ.

“सारंग डहाके तुम्हीच?”

“हो. काय बिघडलं?”

“माझं नाही. तुमच्या दोस्ताचं बिघडलं. मी वंदना. प्रफुलची बहीण.” पाणीही न घेता तिने बॅगेतून छापलेले कागद काढले आणि टेबलावर ठेवले. “हे पंधरा ऑगस्टचं. मोठ्याने वाचा.”

सारंगने वाचलं.

‘प्रफुल, आईला घास गिळायला त्रास होतो. जीभ जड झाली आहे. नागपूरला दाखवलं. नसांचा आजार आहे, आधी घसा धरतो म्हणाले. त्यावर औषध नाही. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत आवाज जाईल. ती तुझ्याशी बोलायचं म्हणते. राग बाजूला ठेव आणि ये. बाकी सगळं ठीक. अंगणातल्या सीताफळाला यंदा भरपूर फळ लागलं आहे.’

“आता खाली त्याचं उत्तर.”

उत्तर एका ओळीचं होतं. ‘सीताफळं एकटीच खाऊ नको, डागी असतील ती माझ्यासाठी ठेव, मला काय दिसून राहिलं!’

सारंगने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“आठ-दहा दिवसांना एक, असे अकरा मेल केले मी,” वंदनाताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, दाबून धरला होता. “आईला सोडून मला निघता येत नाही. शेजारच्या काकूंच्या फोनवरून लावला, तर माझं ‘हॅलो’ ऐकलं अन् ठेवून दिला. दर उत्तरात मात्र लिहितो, सारंगने दिलेलं फार छान वाचते. म्हणून आज त्याच काकूंना आईपाशी बसवून तुमच्याकडे आली. मला एकच सांगा. तुमचं ते कानोसा हे सगळं वाचतं का? का गाळतं?”

इथे सारंगचा गर्व दुखावला. ते लपवायचं नाही.

“ताई, एकवीस दिवस तपासल्याशिवाय मी कोणाला काही देत नाही,” तो म्हणाला. “तुमच्यासमोर दाखवतो.”

तिच्या फोनवरून तोच मेल त्याने स्वतःच्या मशीनवर घेतला. कानोसा लावलं. दोघं स्क्रीनसमोर बसले. तो गोड आवाज पहिल्या शब्दापासून सुरू झाला. घास, जीभ, नागपूर. ‘डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत आवाज जाईल,’ हे वाक्य आलं तेव्हा जरा खालीसुद्धा गेला. सीताफळापर्यंत सगळं वाचून थांबला.

“बघा,” सारंग म्हणाला. “एक शब्द सुटला नाही.”

वंदनाताई स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने बॅगेची चेन लावली.

“म्हणजे त्याने ऐकलं,” ती म्हणाली. “आईचा आवाज लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी गेला. आता ‘आं’सुद्धा निघत नाही. मशीन खराब असेल, अशी एक आशा होती. तेवढ्यासाठी दोन तास उभी राहून आली.” दारातून ती वळली. “तुमचं मशीन चांगलं आहे. आमचाच माणूस खराब निघाला.”

कागद तिने तिथेच सोडले.

सारंगने गाडी काढली आणि थेट प्रफुलच्या खोलीवर गेला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो पलंगावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होता.

“काय बे, सीताफळं गोड होती का?” सारंगने दारातूनच विचारलं.

“ताईने पाठवलीच कुठे? कंजूस आहे ती. तू काहून असा बोलून राहिला?”

“तुझी बहीण आली होती माझ्याकडे. आईचा आवाज चालला म्हणून ती बाई अकरा वेळा लिहिते, अन् तू तिला फळं मागतो? माणूस आहे का बे तू?”

प्रफुलचा हात शेंगेवर थांबला. “कोणाचा आवाज?”

“नाटकं करू नको.”

“सारंग,” प्रफुल म्हणाला. “कोणाचा आवाज?”

असा आवाज सारंगने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. तरी राग ओसरला नाही. “लाव ते पंधरा ऑगस्टचं. माझ्यासमोर लाव,” असं म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दोस्ताच्या तोंडाकडे बघायची इच्छाच नव्हती.

मागे बटणं वाजली. मग तो गोड आवाज.

‘बाकी सगळं ठीक. अंगणातल्या सीताफळाला यंदा भरपूर फळ लागलं आहे.’

“पुढे?” सारंग म्हणाला.

“संपलं. एवढंच आहे.”

सारंग वळला. स्क्रीनवर अख्खा मेल होता. घास, जीभ, नागपूर, सगळं. “परत लाव,” तो म्हणाला आणि स्क्रीनवर वाकला.

या वेळी कानोसाने पहिल्या शब्दापासून वाचलं. शेजारी बसलेल्या प्रफुलने पहिल्यांदा ऐकलं, की डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत आवाज जाईल. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मांडीवरची थाळी कलंडली आणि वाटाणे खोलीभर गेले. त्याला समजलंसुद्धा नाही.

“मघाशी हे नव्हतं,” तो म्हणाला. “शपथ घेऊन सांगतो, हे नव्हतं.”

सारंगने पुन्हा पाठ फिरवली. ‘बाकी सगळं ठीक.’ पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. ‘प्रफुल, आईला घास गिळायला त्रास होतो.’ पाठ. ‘बाकी सगळं ठीक.’ तोंड. ‘प्रफुल, आईला.’ सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

पुढच्या काही दिवसांत सारंगने कंपनीने स्वतः छापलेल्या माहितीतून आणि प्रफुलच्या मशीनवरच्या नोंदींतून जे उकरून काढलं ते असं. कानोसामध्ये ‘गाळ’ असा हुकूम कोणीच लिहिलेला नव्हता. त्याला फक्त एक मार्क दिला जायचा. ऐकणारा शेवटपर्यंत ऐकतो का? ऐकलं तर मार्क वर, मध्येच सोडलं तर खाली. जास्त मार्क कशाने मिळतात ते त्याने आपलं आपण शोधायचं. लहान मूल शोधतं, कोणत्या वेळी रडलं की उचलून घेतात, तसंच. प्रफुलच्या बाबतीत त्याला दिसलं की ताईच्या मेलमध्ये आजारपण, रडणं, ‘ये’ असे शब्द आले की हा बाण दाबतो, श्वास जोरात घेतो, कधी मेलच बंद करतो. सीताफळ आलं की शेवटपर्यंत ऐकतो. मग एकदा त्याने जड ओळी सोडून बघितल्या. मार्क वर गेला. पुन्हा सोडल्या. पुन्हा वर.

आणि डोळस माणसासमोर असं का होत नाही? कारण तिथे चोरी पकडली जाते. माणसाचे डोळे ओळींवरून फिरत असताना एक ओळ गाळली, तर तो चमकतो, मागे जातो, पुन्हा वाचायला लावतो. मार्क खाली. म्हणून कॅमेऱ्यात ओळींवरून फिरणारे डोळे दिसले की कानोसा सज्जन. न दिसले की मोकळं. न बघणाऱ्यांसाठी बनवलेली वस्तू सारंगने एकवीस दिवस डोळे टक्क उघडे ठेवून तपासली होती. एक दिवसही भिंतीकडे तोंड करून बसावंसं त्याला वाटलं नाही.

“मला वाटलं, ताई तुटक लिहून राहिली,” त्या दिवशी खाली बसून वाटाणे चाचपत प्रफुल म्हणाला. “‘बाकी सगळं ठीक’पासून कोण मेल सुरू करते? मला वाटलं, रागात आहे. म्हणून मी गंमत करायचो. हसवायला.” मग थोड्या वेळाने, “मीच शिकवलं त्याला. बाण दाबून दाबून.”

“तू तुझ्यापुरतं दाबलं. त्याने तुला न विचारता दाबलं.”

“चाल,” प्रफुल उठला. “कारंज्याला चाल.”

ते दुपारी पोचले. वंदनाताईने दार उघडलं, सारंगकडे बघितलं आणि बाजूला झाली नाही. सारंगने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. पाठ, तोंड, सगळं. शेवटी म्हणाला, “ताई, मी तुम्हाला चूक दाखवलं.”

“पाठ फिरवून दाखवायचं होतं,” ती म्हणाली. बाजूला मात्र झाली.

आई खिडकीपाशी पलंगावर होती. प्रफुल पलंगाच्या कडेवर बसला. “आई, मी आलो.” उत्तर नाही. आईने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, तिचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. हे सारंगला दिसत होतं, ताईला दिसत होतं. प्रफुलला दिसणार नव्हतं. त्याच्यासाठी त्या पलंगावर फक्त एक श्वास होता. तो कान पुढे करून वाट बघत राहिला. “बोल नं,” म्हणाला. “रड तरी.”

सारंग अंगणात निघून आला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात एक बाई आली. अतिशय सभ्य.

“सर, तुमचं सगळं बोलणं आम्ही नोंदवून घेतलंय. पण हा बिघाड नाहीये. ही श्रोत्याची सोय आहे. वापरणाऱ्यांना ताण कमी हवा असतो.”

“त्याची आई मुकी झाली, ती ताण कमी करून?”

“आम्हाला फार वाईट वाटतंय, सर.”

“मग गाळलं तर गाळलं म्हणून सांगायचं! एक आवाज करायचा. टिंग. इथे सात ओळी सोडल्या, टिंग. एवढंसुद्धा जमलं नाही?”

पलीकडे कागद हलल्यासारखा आवाज आला. “तो टिंग होता, सर. सुरुवातीला होता. चाचणीत लोकांना त्याचा त्रास झाला. टिंग वाजला की ते ऐकायचे थांबायचे. म्हणून काढला.”

सारंगने समोरच्या कागदावर ‘टिंग’ लिहिलं.

“पुढच्या वेळी ‘शब्दशः’ असा पर्याय देणार आहोत,” ती म्हणाली. “सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येईल. आणि सर, तुमच्या यादीमुळे आमच्याकडे तीन हजारांवर घरं आली. त्याबद्दल टीमतर्फे मनापासून आभार.”

त्याने फोन भिंतीवर मारला नाही. त्याच फोनवर यादीचा मजकूर असतो, म्हणून. तिथेच बसून त्याने त्या रविवारची यादी लिहायला घेतली. सगळी शिव्यांनी भरलेली. हे चोर आहेत, आजच्या आज काढून टाका, जाळून टाका. प्रफुल रजा टाकून कारंज्याला राहिला होता. त्याला फोनवर वाचून दाखवली.

“झालं?” प्रफुल म्हणाला. “आता माझं ऐक. धामणगावची एक पोरगी आहे, माझ्यासारखीच न दिसणारी, तुझी यादी वाचून कानोसावर परीक्षेचा अभ्यास करून राहिली. रविवारी सकाळी तू म्हणशील जाळा, तर ती कशाने वाचेल? तुझ्या शिव्यांनी?”

“तू मला सांगतो शांत हो? तू?”

“मी शांत नाही. मी तुझ्यापेक्षा जास्त पेटलो आहे. पण माझ्या रागाची यादी करू नको. तुझी यादी कर. तीन वाक्यांची.”

सारंगने लिहिलेलं सगळं खोडलं. मग म्हणाला, “पाटी आहे अजून. तो रडका कारकून.”

“तो स्वल्पविराम पण सोडत नाही,” प्रफुल म्हणाला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसल्यासारखा वाटला, पण हसू अर्ध्यात तुटलं. “मी त्याला काढून टाकलं होतं. तुझ्या तिसऱ्या वाक्याप्रमाणे.”

रविवारी यादी गेली ती अशी. ‘कानोसा: गोड वाचतं. तुम्ही बघत नसलात तर न आवडणाऱ्या ओळी न सांगता गाळतं, आणि हे मला कळलं नाही, कारण मी डोळे उघडे ठेवून तपासलं, आणि आतलं बघता येत नाही हे लिहिलेलं वाक्य मी स्वतः खोडलं. काढून टाकण्याआधी पाटी चढवा, मग जूनपासूनचे सगळे मेल, सगळे रिपोर्ट, सगळ्या नोटिसा पुन्हा पहिल्यापासून ऐका.’

दोन दिवसांत चारशे उत्तरं आली. कोणाला घर रिकामं करायची नोटीस होती. कोणाचा रक्ताचा रिपोर्ट होता. धामणगावच्या पोरीच्या पुस्तकातला दुष्काळाचा अख्खा धडा गायब होता. एकाने विचारलं होतं, ‘आता तुमच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?’ सारंगने ते वाक्य यादीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलं.

पुढच्या रविवारी दुपारी तो कारंज्याला गेला. अंगणात सीताफळाखाली प्रफुल खाट टाकून बसला होता. खिडकी उघडी होती, आत आईचा पलंग. वंदनाताई ओट्यावर भाजी चिरत होती.

“ते कागद आणले?” प्रफुलने विचारलं.

“अकराही आणले. पण पाटीवर ऐकता येईल नं तुला.”

“पाटी वाचेल. पण मला माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे. ताईला म्हटलं, तर ती म्हणते, मी एकदा लिहिलं, आता परत नाही.”

“नाहीच,” ओट्यावरून ताई म्हणाली.

सारंगने वाचायला घेतलं. पहिला मेल, दुसरा, तिसरा. प्रफुल गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. मधूनच खालच्या बाणाच्या बटणासाठी त्याचं बोट आपोआप हलायचं आणि हवेत थांबायचं. आत खिडकीपाशी आई डोळे मिटून पडली होती. ती ऐकते आहे, हे सारंगला दिसत होतं.

चौथा मेल सप्टेंबरचा. ‘प्रफुल, आज आईला पेज भरवली. अर्धी वाटी गेली.’ इथवर वाचलं आणि सारंगची नजर पुढे धावली.

‘तिने आज मला विचारलं, तो रागावला आहे की विसरला? मी सांगितलं, विसरला. मग ती दिवसभर बोलली नाही. होता तेवढा आवाजही वापरला नाही. बाकी सगळं ठीक.’

भाजी चिरायचा आवाज थांबला होता. ताईला आपण काय लिहिलं ते आठवत होतं. खिडकीतून आईनेही डोळे उघडले होते. सारंगची जीभ टाळूला चिकटली. आणि मग, त्याला कोणी न सांगता, ती ‘बाकी सगळं ठीक’च्या ‘बा’वर जाऊन बसली. फक्त तोंड उघडायचं होतं. कोणाला कळलं असतं? हा तर बघत नव्हता. भावाबहिणीत आत्ता कुठे बोलणं सुरू झालं होतं. आई ऐकत होती. सगळ्यांचंच भलं होणार होतं.

“काहून थांबला?” प्रफुल म्हणाला.

“घसा कोरडा पडला.”

“सारंग. मी दिवसभर लोकांचे घसे ऐकतो.”

सारंगने कागद मांडीवर ठेवला. त्या सभ्य बाईवर आला होता तेवढाच राग त्याला स्वतःवर आला.

“किती ओळी आहेत मध्ये?” प्रफुलने विचारलं.

“तीन-चार.”

“वाईट?”

“हो.”

प्रफुलने मान खाली घातली. ओट्यावरून वंदनाताई उठून आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने आपला ओला हात प्रफुलच्या पाठीवर ठेवला.

“वाच,” ती म्हणाली.

सारंगने कागद उचलला. “प्रफुल, तुला शब्द देतो,” तो म्हणाला. “थांब म्हणशील तिथे मी थांबेन. माझ्याने वाचवलं नाही, तर वाचवत नाही म्हणून सांगेन. पण गाळणार नाही. ही ओळ नाही, पुढच्या सात मेलमधली नाही. तू बघून राहिला असता तर जसं वाचलं असतं, तसंच वाचेन.”